जाणारी रिंग, अडणारी रिंग

जबलपूरमधल्या आमच्या चेरीतालच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला आधी खरादीला वळसा घालावा लागे. भाड्याच्या दोन खोल्या आणि मागं पत्र्याची पडवी एवढंच ते घर, आणि त्यातली पुढची, खिडकीवाली, चांगली खोली बाबांनी खरादीला देऊन टाकलेली. खराद म्हणजे लेथ मशीन. आमच्या गल्लीत कुणी लेथ म्हणत नसे. छातीएवढं उंच, काळं, तेलकट असं ते धूड खोलीच्या मधोमध उभं असे आणि पाहुणा धोतर सावरत, अंग चोरत त्याच्या कडेनं आत येई. मग आई त्याला मागच्या खोलीत चुलीजवळच्या पाटावर बसवून चहा देई. नागपूरहून आईच्या माहेरचं कुणी आलं की ते खरादीकडे आणि मग आईकडे असं पाहत, जणू आम्ही बैठकीत म्हैस बांधली आहे. आई पदर खोचून म्हणे, "दूध नाही देत, पण शेणही नाही टाकत बाप्पा."

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवी. भोंग्याचा सूर विरायच्या आत खरादीचा पट्टा फटफट करत फिरू लागे, आणि पितळेच्या छडीला हत्यार लागलं की बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येई. पितळेचा कीस घरभर पसरे. तो केसांत सापडे, अंथरुणात सापडे, आणि एकदा तर पाटवडीच्या रश्शात सापडला. बाबांनी तो कण बोटावर घेऊन उजेडात धरला, "चांगल्या छडीचा आहे," म्हणाले, बाजूला ठेवला आणि जेवायला लागले. लहानपणी माझ्या पोटात किती पितळ गेलं असेल याचा हिशेब डॉक्टरांनाही लागायचा नाही, पण या वयात माझी हाडं शाबूत आहेत, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही.

बाबा शहरातल्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात टर्नर होते. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे वैरागडे. आजोबा नोकरीच्या मागं जबलपूरला आले आणि इथलेच झाले. पुढं नागपूर एका राज्यात गेलं आणि आम्ही दुसऱ्यात राहिलो, तेव्हा नातेवाईक आम्हाला थट्टेनं परराज्यातले म्हणू लागले. आमच्या वरणाची चव मात्र तीच राहिली. बाबा कामात तरबेज होते, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही. त्यांच्या हातची वस्तू तपासणीतून कधी परत आली नव्हती आणि ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, बाकीचे सांगत. कारखान्यात त्यांना एक गोष्ट खुपायची. फिरता दांडा झिजू नये म्हणून यंत्रात एक पितळी पोकळ नळी बसवतात, तिला बुश म्हणतात, असेल अंगठ्याएवढी. ती झिजली की नवी यायची कलकत्त्याहून नाहीतर मुंबईहून. ती येईपर्यंत यंत्र उभं, आणि यंत्रापाशी चार माणसं उभी. "हत्ती बसून राहिला," बाबा जेवताना म्हणत, "काहून? तं पायात काटा. अन् काटा काढणारा कलकत्त्यात!" एक दिवस ते घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि सांगितलं की नोकरी सोडली, आता काटा आपणच काढायचा. आई भाकरी थापत होती. तिनं ती भाकरी पुरी थापली, तव्यावर टाकली, आणि मग विचारलं, "खराद ठेवान कुठं?"

आईच्या धाकट्या भावानं मात्र एवढ्या शांतपणे घेतलं नाही. वसंतमामा जबलपूरलाच रेल्वेत बाबू होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याखाली शिक्का मारतोय. तो यायचा, खरादीला वळसा घालताना शर्टाला तेल लागू नये म्हणून पोट आत ओढायचा आणि पाटावर बसून सुरू व्हायचा. "भाऊजी, लोक सरकारी नोकरीसाठी नवस बोलून राहिले अन् तुम्ही सोडून राहिले? अच्छा, सोडली तं सोडली. पण शालूच्या लग्नात लोकाईले काय सांगाचं? पोरीचा बाप काय करते? तं घरात बुश बनवते?" शालू म्हणजे मी, तेव्हा मॅट्रिकच्या वर्षाला होते. बाबा हसून म्हणत, "सांग, की कारखाना चालवते." आज माझा नातू लघुउद्योग आणि देशाचा विकास असल्या विषयांवरची भाषणं ऐकून येतो आणि मलाच समजावून सांगतो. बाबांना असले शब्द ठाऊक नव्हते. त्यांना एवढंच दिसत होतं की गल्लीत हात रिकामे आहेत, कारखान्यात काम अडलं आहे, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त सायकलनं जाण्याएवढा रस्ता आहे.

अर्जांवर अर्ज झाल्यावर कारखान्यानं बाबांना नमुन्याच्या शंभर बुशांचं काम दिलं. त्या पास झाल्या तर माल पुरवणाऱ्यांच्या यादीत आमचं नाव चढणार होतं. नापास झाल्या तर आणखी एकदा संधी, आणि दुसऱ्यांदा नापास झाल्या तर नाव कायमचं बाद. बाबांनी आईला शब्द दिला होता की बाद झालो तर खराद विकीन आणि मिळेल ती नोकरी धरीन. म्हणजे आमच्या पुढच्या खोलीत खराद राहणार की जाणार, ते त्या शंभर बुशांवर होतं.

कामासोबत दोन पोलादी रिंगा आल्या, दणकट, तळहातावर जड लागणाऱ्या. पहिल्या रिंगेतून प्रत्येक बुश सरकून गेलीच पाहिजे आणि दुसरीत ती जाताच कामा नये. पहिलीत अडली तर बुश जाड, दुसरीत गेली तर बारीक. दोन्ही रिंगांच्या भोकांत फरक केसाहूनही कमी, डोळ्यांना दिसणारच नाही असा. कारखान्यात त्यांना गो आणि नो-गो म्हणत. आईनं एका दिवसात त्यांची नावं ठेवली, जाणारी आणि अडणारी, आणि मग बाबाही तेच म्हणू लागले. मोजायचं बारीक हत्यार कारखान्याचं होतं, ते कारखान्यातच राहिलं. घरी या दोघींचाच निकाल शेवटचा. बाबांनी मापाचं काम माझ्याकडे दिलं. "ढकलायचं नाही," त्यांनी शिकवलं. "बुश आपल्या वजनानं गेली पाहिजे. अन् नुकती कापलेली मोजायची नाही. गरम पितळ फुगते." म्हणून प्रत्येक बुश आधी माठाखालच्या ओल्या फरशीवर निवायची आणि मग माझ्या हातात यायची. मला ते काम फार आवडलं. इतिहासाच्या पेपरात जे कधी मिळालं नाही ते इथं मिळे, म्हणजे चूक आणि बरोबर यांच्यामधली स्वच्छ रेघ. तेव्हापासून मला साधारण या शब्दाचा राग आहे. भाजीवाला आजही साधारण किलोभर आहे म्हणाला की मी त्याच्याकडे न बघता काट्याकडे बघते.

काम दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करायचं ठरलं आणि आदल्या दिवशी खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती असते आणि त्यांची पूजा होते. आईनं खराद पुसून लखलखीत केली, पुढं रांगोळी काढली, झेंडूचा हार घातला. पाटावर नट आवळायचे पाने, हातोडे, कानशी, कापायची हत्यारं ओळीनं मांडून प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलं. मग तिनं त्या दोन रिंगा उचलल्या. कारखान्यात बाबांनी दरवर्षी यंत्रांना हार घातले होते, पण मापाच्या रिंगा तिथं कुलपातल्या खोलीत असत. त्यांच्यापर्यंत हळदकुंकू कधी पोचलंच नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल काही नियमही बाबांच्या डोक्यात नव्हता. "सगळं या दोघीच्याच हातात आहे ना?" आई म्हणाली. "मग याईले नुसतं बोट काहून?" तिनं वाटीत हळद तिळाच्या तेलात कालवली आणि नवरीला लावावी तशी त्या दोघींना आतून-बाहेरून लावली, वर कुंकू रेखलं, अक्षता टाकल्या. पुरणाचा नैवेद्य दाखवला. दसऱ्याला सकाळी बाबा फडकं घेऊन रिंगांकडे वळले तर आई दारातूनच म्हणाली, "अहो, सणाचं कुंकू पुसून राहिले?" बाबांनी जीभ चावली आणि फडकं खांद्यावर टाकलं. खराद सुरू झाली.

सहा दिवसांत शंभर बुशा झाल्या. एकूण एक माझ्या हातून गेली. जाणारीतून गेली, अडणारीत अडली. बाबांनी त्या लाकडी पेटीत गवताच्या थरात रचल्या आणि पेटी सायकलला बांधून निघाले. आईनं हातावर दही दिलं. दुपारी ते परत आले तेव्हा पेटी सायकलवरच होती. कारखान्याच्या फाटकाशी एक तपासणीची खोली होती आणि तिथले निरीक्षक दुबेजी यांनी एक एक करत सगळ्या बुशा स्वतःच्या रिंगेत टाकून पाहिल्या होत्या. "वैरागडे जी, माल छोटा है," ते म्हणाले होते. "नो-गो में सब के सब जा रहे हैं." शंभरातली एकसुद्धा राहिली नव्हती.

बाबा चिडले असते, आदळआपट केली असती, तर बरं झालं असतं. ते खरादीजवळच्या स्टुलावर बसले आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. "हात गेला माह्या," एवढंच म्हणाले. मी सांगू लागले की बाबा, मी मोजलंय, मी प्रत्येक बुश मोजली; त्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांच्या मनात काय आहे ते मला समजलं. पोरीलाही मोजता आलं नाही, पण तिला कशाला बोला. मला त्याचं जे दुःख झालं ते आज लिहितानाही होतं. मी खोटी ठरले होते, आणि कशी ते मला कळत नव्हतं.

वसंतमामाला बातमी कळायला वेळ लागला नाही. तो वाईट माणूस नव्हता. तो ओळखीनं नागपूरच्या एका मिलमध्ये फिटरची जागा घेऊनच आला. "सोमवारी हजर व्हा भाऊजी. अन् खराद पाहाले रविवारी एक गिऱ्हाईक येऊन राहिलं. चलो, झालं ते झालं." दुसरी संधी अजून बाकी होती, पितळेची छडीही आणखी एका शंभरापुरती उरली होती; पण बाबा म्हणाले की ज्या हातावर आपलाच भरवसा नाही त्यानं छडी कापून काय करायचं. खराद थांबली. घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. शेजारच्या बाईनं येऊन विचारलं, सब ठीक तो है ना दीदी, आज आवाज नहीं आ रही.

शनिवारी दुपारी बाबांनी मला रिंगा पुसून ठेवायला सांगितल्या, कारखान्याला परत करायच्या होत्या. मी पडवीत बसले. बाहेरचं कुंकू पुसायला हात होईना, म्हणून आधी आतून पुसू म्हटलं. अडणारीत ओलं बोट घालून फिरवलं तर बोट पिवळं झालं. त्यात नवल काहीच नव्हतं. पितळ सरकून सरकून रिंगेला आतून पिवळेपणा येतोच, तो मी आठवडाभर रोज पाहत होते, बाबाही पाहत होते. मी मोरीवर जाऊन कपड्याच्या साबणानं बोट धुतलं आणि ते बोट लाल झालं. मी बघतच राहिले. भाजीचा डाग पडलेल्या परकराला साबण लावला की तो असाच लाल होतो, हे कुठल्याही घरातल्या मुलीला माहीत असतं. पितळ काही साबणानं लाल होत नाही. मी बोट नाकाशी नेलं. खंडेनवमीचा वास आला.

रिंगेत पितळेचा रंग नव्हता, हळद होती. तेलात कालवलेली, वाळून डिंकासारखी घट्ट झालेली, कागदाहूनही पातळ हळद. तेवढ्यानं दोन्ही भोकं लहान झाली होती. जाणारीतून जावी म्हणून बाबा बुश जास्त कापत होते, आणि ती बारीक झालेली बुश अडणारीतही अडत होती, आणि मी खूश होऊन ती पेटीत टाकत होते. हे सगळं माझ्या डोक्यात एकदम उभं राहिलं आणि मी ओरडत बाबांकडे धावणार, तोच चुलीशी बसलेली आई दिसली. ती शिंगाडे उकडत होती, बाबांना दुसऱ्या दिवशी रात्रीच्या गाडीत खायला. तिनं ज्या भक्तीनं ती हळद लावली होती ती मी पाहिली होती. मी पाय ओढत तिच्याजवळ गेले.

"आई, रिंगेत हळद आहे."

"राहीनच. मीच तं लावली."

"आतून, आई. आतून आहे."

आई काही शाळा शिकलेली नव्हती, पण शेजारणींच्या हातात बांगड्या चढवून देण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. काय कशात जाईल आणि काय अडेल हे तिला सांगावं लागत नसे. शिंगाड्याचं भांडं तिनं खाली उतरवलं. "म्हणजे भोक लहान झालं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. "माह्या हातानं?"   आई उठली, तिनं गरम पाणी घेतलं, धुण्याचा सोडा घेतला आणि हात पुढं केला. मी रिंगा दिल्या, पण बाहेरच्या कुंकवावर माझा अंगठा तसाच राहिला. "आई, कुंकू..."

"कुंकू माह्या कपाळावर आहे," ती म्हणाली. "हे लोखंड आहे. दे इकडं."

तिनं दोन्ही रिंगा खसाखसा घासल्या. पाणी लालभडक झालं. बाबांच्या जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं तिनं त्या कोरड्या केल्या आणि तशीच ओल्या पदरानं पुढच्या खोलीत गेली. बाबा स्टुलावर होते. आईनं परत आलेल्या पेटीतली एक बुश उचलली आणि अडणारीवर ठेवली. बुश सरळ आरपार गेली आणि खणकन फरशीवर पडली. तिनं दुसरी टाकली. तीही गेली. "तुमचा हात नाही चुकला," आई म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "माह्या हळदीनं घात केला. मी आतून लावली होती." बाबांनी रिंग हातात घेतली, उजेडात धरली, बोट फिरवलं. मला वाटलं आता ते रागावतील. ते हसायला लागले. स्टुलावरून खाली येऊन, फरशीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "इतके वर्स टर्नर आहो मी," ते म्हणाले, "अन् बायकोच्या धाकानं रिंग पुसली नाही! रिंग पुसनं कोनाचं काम? तुहं का माह्यं?" मग एकदम उठले. "शालू, छडी आण."

रविवारी खरादीचं गिऱ्हाईक आलं तेव्हा खराद चालू होती. आईनं त्याला पाटावर बसवून चहा आणि बाबांसाठी उकडलेले शिंगाडे दिले आणि सांगितलं, "भैया, मशीन खाली नहीं है." पाठोपाठ वसंतमामा आला, भांडायच्या तयारीनं. त्याचं पहिलं वाक्य संपायच्या आत बाबांनी त्याच्या हातात कानस दिली आणि बुशांच्या कडा मारायला बसवलं. तो बसला. शर्टाला तेल लागलं. "ऑफिसात काय सांगू?" तो म्हणाला. "सांग, की कारखान्यात होतो," बाबा म्हणाले. आई बुशा निवायला फरशीवर मांडायची आणि माझ्याकडे द्यायची. प्रत्येक दहा बुशांनंतर मी रिंगा पुसत होते, आणि दर वेळी आई बघत होती की मी पुसल्या की नाही.

दुसऱ्या खेपेला सायकल नको म्हणून आम्ही रिक्षा केली. बाबा म्हणाले, माप शालूनं घेतलंय, तर शालू येईल. मांडीवर पेटी घेऊन मी बसले आणि भर दुपारच्या उन्हात आम्ही फाटकाशी पोचलो. दुबेजी जाड भिंगांचा चष्मा लावणारे, पान चघळणारे, कुणाला बरं-वाईट न बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यह बिटिया?"

"जी, मेरी इंस्पेक्टर है," बाबा म्हणाले.

दुबेजींनी पहिली बुश घेतली आणि जाणारीवर ठेवली. ती अडली. दुसरी ठेवली. अडली. तिसरी अर्धी आत जाऊन थांबली. त्यांनी चष्मा वर केला आणि काहीशा दुःखानं बाबांकडे पाहिलं.  बाबांची मान आपोआप खाली गेली, परत आपल्या हातांकडेच बघणार होते ते. आणि मला राग आला. घाबरणं राहिलं बाजूला, सरळ राग आला. कारण या वेळी मला माहीत होतं की मी बरोबर आहे. मी पेटीला हात लावला. लाकूड पोळत होतं.

"साहब, ये धूप से आए हैं," मी म्हणाले. माझं हिंदी तेव्हाही चांगलं होतं, पण आवाज फारच मोठा निघाला. "गरम पीतल फूलता है. ज़मीन पर रख दीजिए, ठंडा होने दीजिए. फिर नापिए."

खोलीतला शिपाई हसला. दुबेजी हसले नाहीत. त्यांनी तिसरी बुश गालाला लावून पाहिली, मग खुर्ची मागं सरकवली आणि म्हणाले, "बिटिया ठीक कह रही है." आम्ही तिघांनी मिळून, हो, दुबेजींनीसुद्धा, त्या शंभर बुशा खोलीतल्या गार फरशीवर ओळीनं मांडल्या. शिपायानं चहा आणला. बाबा चहाला तोंड लावेनात. दुबेजींनी शांतपणे दोन पानं खाल्ली. मग त्यांनी पहिली बुश उचलून जाणारीवर ठेवली आणि हात काढून घेतला. ती आपल्या वजनानं, हळूच, आतून सरकून त्यांच्या तळहातावर उतरली. त्यांनी ती अडणारीवर ठेवली. ती तिथंच राहिली. मग दुसरी, तिसरी, चौथी. तिसाव्या बुशेपर्यंत मी मोजत होते, नंतर मोजणं सोडून दिलं आणि नुसता आवाज ऐकत राहिले. शंभरच्या शंभर पास झाल्या. दुबेजींनी कागदावर शिक्का मारला, सही केली आणि मग पहिल्यांदाच विचारलं, "पिछली बार क्या हुआ था, मिस्त्री जी?" बाबांनी खरं ते सांगितलं. दुबेजी ऐकत राहिले आणि शेवटी आपली रिंग उचलून, आतून एकदा बोट फिरवून, हळूच म्हणाले, "हमारे यहाँ भी पूजा हुई थी."

घरी येताना बाबांनी खोव्याची जिलबी घेतली, एवढी की रिक्षावाल्यालाही पुडा दिला. वसंतमामा पाटावर वाटच पाहत बसला होता. ऐकल्यावर तो उठून पुढच्या खोलीत गेला आणि खरादीवर हात फिरवला, घरच्या गाईला फिरवावा तसा. पुढं शेजारीपाजारी तोच सांगत फिरायचा की हमारे जीजाजी का कारखाना है.

आणि कारखानाच झाला तो. दोन वर्षांत दुसरी खराद आली आणि आम्ही मागच्या खोलीतून उठून समोरच्या घरात राहायला गेलो. काम इतकं आलं की मोजायला मी एकटी पुरेना. तेव्हा आईनं गल्लीतल्या बायका आणल्या, ज्यांचे हात बांगड्यांच्या मापाला सरावलेले होते, आणि मी त्यांना ढकलायचं नाही आणि गरम मोजायचं नाही ही दोन वाक्यं शिकवली. त्यातल्या एकीनं नवऱ्याला पेट्या बनवायला बसवलं, दुसरीच्या दिरानं आमच्यासमोर स्वतःची खराद टाकली. बाबांनीच त्याला पहिलं काम मिळवून दिलं. मामा म्हणाला, स्पर्धा काहून उभी करता? बाबा म्हणाले, "एका घरात किती काटे निघतीन?" आज शहरातल्या अधारतालच्या बाजूला पत्र्यांच्या शेडची रांग लागली आहे आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणची बोटं कधीतरी आमच्या पडवीत तयार झाली आहेत. कलकत्त्याहून येणारी बुश आमच्या गल्लीतून जाऊ लागली, आणि गल्लीतली पोरं कामासाठी परगावी जायची थांबली. मोठ्या कारखान्यांचं कौतुक सगळे करतात, करावंच. पण ते उभे आहेत ते आमच्यासारख्या अंगठ्याएवढ्यांच्या जिवावर, हे मी कुणासमोरही ठासून सांगते, आणि नातवाच्या भाषणवाल्यांसमोरही सांगितलं आहे.

पण मला सांगायचं होतं ते पुढच्या खंडेनवमीचं. आईनं तसंच सगळं मांडलं. हार, रांगोळी, हत्यारांची ओळ. रिंगा मात्र वेगळ्या पाटावर, हातभर लांब, त्यांच्यापुढं फक्त एकेक झेंडूचं फूल. हळदीची वाटी घेऊन आई त्यांच्यासमोर बसली. तिचा हात अर्ध्यावर गेला आणि थांबला. बाबा बघत होते, मीही बघत होते. मग ती माझ्याकडे वळली.

"शालू, हात पुढं कर."

मी हात पुढं केला. तिनं माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट धरलं आणि त्यांना आतून-बाहेरून हळद लावली, नवरीला लावावी तशी. वर कुंकू रेखलं. अक्षता टाकल्या, ओवाळलं, आणि डोकं टेकवलं. मी हात मागं घेऊ लागले तर तिनं घेऊ दिला नाही. "माप तं तूच घेतं," ती म्हणाली. "मग हत्यार कोनतं?" बाबा म्हणाले की उद्या रिंगेला हात लावायच्या आधी तेवढी बोटं धुवा म्हणावं इन्स्पेक्टरला. आम्ही तिघंही हसलो, आणि माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी हळदीच्या हातानं पुसलं.

दसऱ्याला सकाळी भोंगा झाला. मी मोरीवर गेले, साबण घेतला, बोटं धुतली. ती लालभडक झाली. मी ती फडक्यानं कोरडी केली, पुढच्या खोलीत गेले आणि पहिली बुश उचलली.